ग्रेडकार्डावर ८.१८, हिशोबात ८.४४: एसजीपीए नेमका काढतात कसा?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज इथलंच, नाशिकचं. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. ग्रेडकार्ड समोर ठेवून मी कागदावर हिशोब मांडला. नऊ विषयांचे ग्रेड पॉइंट मिळवून नऊने भागले तर ८.४४ येतात, पण कार्डावर एसजीपीए (म्हणजे सेमिस्टरचे सरासरी ग्रेड पॉइंट) ८.१८ छापलाय. हा फरक कुठून येतो? तिला एका इंटर्नशिपच्या फॉर्ममध्ये टक्के भरायचे आहेत, म्हणून समजून घ्यायचं आहे.

विषय असे:

मेजर (मुख्य विषय), मोठा पेपर: ४ क्रेडिट, ए, ८ पॉइंट
मेजर, छोटा पेपर: २ क्रेडिट, ए प्लस, ९
मेजर प्रॅक्टिकल: २ क्रेडिट, ओ, १०
कौशल्याचा विषय: २ क्रेडिट, ए प्लस, ९
मायनर (जोडविषय): ४ क्रेडिट, बी, ६
ओपन इलेक्टिव्ह: २ क्रेडिट, ए, ८
भाषा: २ क्रेडिट, बी प्लस, ७
सहअभ्यासक्रम: २ क्रेडिट, ओ, १०
फील्ड प्रोजेक्ट: २ क्रेडिट, ए प्लस, ९

आमच्या वेळी मिळालेले मार्क भागिले पैकीचे मार्क, गुणिले शंभर, की झालं. इथे मार्क आहेत, ग्रेड आहे, पॉइंट आहेत, क्रेडिट आहेत, आणि पोरीला विचारलं तर म्हणते, "बाबा, ते कॉम्प्युटर काढतो."

निकालवाली_ताई

दादा, कार्ड बरोबर आहे. मी कॉलेजात शिकवते आणि निकालाच्या दिवसांत आमच्या टेबलावर हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही नऊही विषयांना सारखं वजन दिलंत. विद्यापीठ वजन देतं क्रेडिटप्रमाणे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) क्रेडिट पद्धतीत साधारण असं धरलंय की आठवड्याला एक तास लेक्चर, असं पूर्ण सेमिस्टर चाललं की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. म्हणजे ४ क्रेडिटच्या मायनरमागे २ क्रेडिटच्या भाषेच्या दुप्पट काम अपेक्षित आहे, म्हणून निकालातही त्याचं वजन दुप्पट.

आता हिशोब. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्याचे ग्रेड पॉइंट: ३२, १८, २०, १८, २४, १६, १४, २०, १८. बेरीज १८०. एकूण क्रेडिट २२. १८० भागिले २२ म्हणजे ८.१८१८, दोन दशांश स्थळांपर्यंत ८.१८.

फरक कुठून आला तेही यात दिसतं. तिचा सगळ्यात कमी ग्रेड मायनरमध्ये, आणि मायनर ४ क्रेडिटचा. सगळ्यात चांगले ग्रेड २ क्रेडिटच्या विषयांत. साध्या सरासरीत मायनरचे ६ पॉइंट एकदाच मोजले जातात, खऱ्या हिशोबात त्यांचं ओझं दुप्पट पडतं.

यातून मुलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी असं मला फार वाटतं. २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ४ क्रेडिटच्या विषयात ग्रेड एक पायरी वर गेला तर एसजीपीए ०.१८ ने वाढतो. २ क्रेडिटच्या विषयात तेवढीच पायरी चढली तर ०.०९. माझ्याकडे येणारी मुलं सोप्या २ क्रेडिटच्या विषयाचं सबमिशन रात्र-रात्र सजवतात आणि ४ क्रेडिटचा अवघड पेपर "पास झालो तरी पुरे" म्हणून सोडून देतात. हे बघून जीव तुटतो. अभ्यासाचं वेळापत्रक करताना प्रत्येक विषयापुढे क्रेडिट लिहून ठेवा.

निफाडचा_पोरगा

काका, आमच्या घरी हे मी असं सांगितलं. लासलगावला ४० क्विंटल कांदा १२०० ने गेला आणि १० क्विंटल २००० ने गेला, तर सरासरी भाव १६०० होत नाही. ४८ हजार अधिक २० हजार, भागिले ५० क्विंटल, म्हणजे १३६०. क्रेडिट म्हणजे क्विंटल, ग्रेड पॉइंट म्हणजे भाव. वडिलांना लगेच पटलं.

ताई, मला एक विचारायचंय. माझा एक ४ क्रेडिटचा विषय राहिलाय, एटीकेटी आहे. त्याचा किती फटका बसतो?

निकालवाली_ताई

छान सांगितलंस. एटीकेटीचं पुढे. यूजीसीने २०१५-१६ पासून राबवायला सांगितलेल्या चॉइस बेस्ड पद्धतीच्या तक्त्यात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसता पास ४, आणि नापास किंवा गैरहजर ०. शून्य पॉइंट आले तरी त्या विषयाचे क्रेडिट भागाकारात राहतात, म्हणून घाव मोठा बसतो. वरच्याच मुलीचा मायनर राहिला असता तर १८० मधून २४ गेले, १५६ भागिले २२, म्हणजे ७.०९. नंतर तो विषय नुसता ४ पॉइंटने सुटला तर १७२ भागिले २२, ७.८२.

तुझं सेमिस्टर कुठलं ते माहीत नाही, पण राहिलेला विषय पहिल्या संधीला काढ आणि काढताना नुसता पासापुरता अभ्यास करू नकोस. तो ४ की ७, हा फरक शेवटच्या सीजीपीएपर्यंत (सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीपर्यंत) सोबत येतो.

ओझर_मेकॅनिकल

एसजीपीए एका सेमिस्टरचा, सीजीपीए आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचा. इथे पुष्कळ जण एसजीपीएंची बेरीज करून सेमिस्टरच्या संख्येने भागतात. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे असतील तर उत्तर जुळतं. नसतील तर चुकतं. समजा एक सेमिस्टर २४ क्रेडिटचं, एसजीपीए ७.००. दुसरं १२ क्रेडिटचं, प्रोजेक्टमुळे ९.५०. साधी सरासरी ८.२५. खरा सीजीपीए: १६८ अधिक ११४, २८२ भागिले ३६, म्हणजे ७.८३. प्लेसमेंटच्या फॉर्मवर ८.२५ लिहिलं आणि कंपनीने कागद तपासले तर पोराच्या प्रामाणिकपणावर शंका येते, नुसत्या अज्ञानापायी.

गंगापूररोडकर

ताई, दादा, मनापासून आभार. निफाडच्या भावाचेही. आता पुढचं विचारतो. पहिल्या सेमिस्टरचा एसजीपीए ७.६४, दुसऱ्याचा ७.९१, दोन्ही २२ क्रेडिटची. पोरीची फार इच्छा आहे की तीन वर्षं संपताना सीजीपीए ९ असावा. तीन सेमिस्टर उरलीत. जमेल का?

निकालवाली_ताई

आपण पॉइंटांत बोलू, म्हणजे भावना बाजूला राहते. पहिल्या सेमिस्टरचे १६८, दुसऱ्याचे १७४, तिसऱ्याचे १८०. एकूण ५२२, क्रेडिट ६६. सीजीपीए ७.९१. पुढची तीनही सेमिस्टर २२ ची धरली तर पदवीला १३२ क्रेडिट. (नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या राज्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट ठेवले आहेत, तिच्या कॉलेजची रचना बघून घ्या.)

९ साठी १३२ गुणिले ९, म्हणजे ११८८ पॉइंट हवेत. उरले ६६६. हातात क्रेडिट ६६. म्हणजे प्रत्येक विषयात सरासरी १०.०९ हवेत, आणि १० च्या वर पॉइंटच नाहीत. सगळ्या विषयांत ओ आणला तरी ११८२ भागिले १३२, ८.९५.

८.५० साठी ६०० पॉइंट लागतात, सरासरी ९.०९. अवघड आहे, अशक्य नाही.

८.२५ साठी ५६७, सरासरी ८.५९. आताच्या ८.१८ वरून हे आवाक्यात आहे.

तिला हे आत्ताच सांगा, प्रेमाने सांगा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी "मी एवढं केलं तरी ९ झाले नाहीत" म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना दुसऱ्याच वर्षी कुणी हा एक गुणाकार करून दाखवला असता तर त्यांनी गाठता येईल असा आकडा धरला असता. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पालकांनो, पहिली दोन सेमिस्टर "रुळायला" म्हणून सोडू नका. त्यांचे क्रेडिट शेवटच्या सेमिस्टरइतकेच मोजले जातात.

पंचवटी_अभ्यासिका

टक्क्यांचा मुद्दा राहिला. आमच्या अभ्यासिकेत फॉर्म भरायच्या दिवसांत यावरून रोज गोंधळ असतो. ७.९१ चे टक्के किती? कुणी १० ने गुणतो, ७९.१. कुणी ९.५ ने गुणतो, ७५.१. कुणी ०.७५ वजा करून १० ने गुणतो, ७१.६. एकाच मुलीचे तीन आकडे!

यातला ९.५ आला सीबीएसईच्या दहावीतून. तिथे २०१० पासून काही वर्षं दहावीला ग्रेड होते आणि सीजीपीएचे अंदाजे टक्के काढायला बोर्डाने ९.५ ने गुणायला सांगितलं होतं. २०१८ पासून तिथेही पुन्हा बोर्डाची मार्कांची परीक्षा आली. पदवीशी त्या ९.५ चा काही संबंध नाही, पण इंटरनेटवरच्या निम्म्या कॅल्क्युलेटरमध्ये तोच बसलाय.

०.७५ वजा करायची रीत एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) तक्त्यातली: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५.

पण आधी बघायचा तो आपल्या विद्यापीठाचा नियम. ग्रेडकार्डाच्या मागे किंवा त्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत रूपांतर दिलेलं असतं. एकाच विद्यापीठात दोन पॅटर्नचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा मोठ्या भावाचं सूत्र धाकट्याने वापरू नये. आयबीपीएसच्या (बँकभरतीच्या) जाहिरातीत स्पष्ट असतं की टक्के विद्यापीठाच्या नियमाने काढायचे, मुलाखतीला तसं प्रमाणपत्र दाखवायचं, आणि ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरणार. तिथे पुढच्या आकड्याला पूर्ण करून घ्यायची सोय नाही. सीमेवरच्या मुलांनी हे डोळ्यांत तेल घालून वाचावं.

दादा, तुमच्या फॉर्ममध्ये सोय असेल तर सीजीपीए १० पैकी ७.९१ असंच लिहा. टक्केच मागितले असतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागातून रूपांतराचं पत्र घ्या आणि त्यातला आकडा भरा.

ऱ्हाईनकाठी_नाशिककर

मी महात्मानगरचा, आता जर्मनीत मास्टर्स करतोय. इकडे यायचं असेल त्यांनी टक्क्यांत वेळ घालवू नये. इथे उलटी मोजणी, १.० सगळ्यात चांगला, ४.० म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए त्यात बसवायला बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च वजा पासाचे किमान गुण याने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. १० पैकी ७.९१, पास ४ ला धरला तर: २.०९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, साधारण २.०.

हाच पास ५ ला धरला तर २.२५ येतो. म्हणजे किमान पासाचा आकडा कागदावर नीट छापलेला असणं फार महत्त्वाचं. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडचा अधिकृत उतारा) काढताना मागचं पान, म्हणजे ग्रेडचा तक्ता, त्याचीही सही-शिक्क्याची प्रत घ्या. माझ्या बरोबरच्या एकाचं मागचं पान राहिलं आणि ते भारतातून मागवण्यात त्याचे कितीतरी दिवस गेले. अमेरिकेलाही २.५ ने भागून ४ पैकी आकडा लिहू नका. तिकडच्या मूल्यांकन संस्था एकेक विषय घेऊन स्वतः हिशोब करतात.

सिडकोची_आई

मला एक मनातलं लिहायचंय. आमच्या सोसायटीत तीन मुलं पदवीला. एकाच्या कॉलेजवर पुणे विद्यापीठाचा शिक्का, एक त्र्यंबक रोडच्या खासगी विद्यापीठात, एक मुक्त विद्यापीठातून शिकतो. गणपतीच्या मंडपात आयांनी आकडे जुळवले आणि माझा लेक ७.४ म्हणून मान खाली घालून घरी आला. कोणाचा ए कितीपासून सुरू होतो, कोणाचे इंटर्नल किती, हे कोणी विचारलंच नाही. जाऊबाईंची मुलगी एमबीबीएसला आहे, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाखाली. तिथे मार्क आणि टक्केच चालतात. तिच्या ६५ टक्क्यांपुढे कोणी ८ पॉइंट ठेवून बोललं की मला फार वाईट वाटतं. त्या ६५ मागे किती अभ्यास असतो ते मी जवळून बघते.

निकालवाली_ताई

ताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी योग्य आहे, आणि त्याला गणिताचाही आधार आहे. कुठला ग्रेड किती मार्कांपासून, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. शिवाय एकाच वर्गातसुद्धा पॉइंट आणि मार्क एकाच दिशेने जातील असं नाही.

आमच्याकडे ७० ते ७९ ला ए, ८० ते ८९ ला ए प्लस, ६० ते ६९ ला बी प्लस. सारख्या क्रेडिटचे चार विषय घ्या. एका मुलाला चारही विषयांत ७९. सरासरी मार्क ७९, पॉइंट ८.००. दुसऱ्याला तीन विषयांत ८० आणि एकात ६०. सरासरी मार्क ७५, पॉइंट ९, ९, ९, ७, म्हणजे ८.५०. मार्क कमी, जीपीए जास्त. दोघांपैकी कोणी कमी हुशार ठरत नाही. ग्रेड मोठ्या टोपल्यांत मोजतो, टोपलीच्या आतला फरक पुसला जातो. म्हणूनच सीजीपीएवरून काढलेले टक्के आणि खऱ्या मार्कांचे टक्के सहसा जुळत नाहीत.

गंगापूररोडकर

हे वाचून पुन्हा कार्ड काढलं. मायनरमध्ये तिला १०० पैकी ५९ आहेत! बी ५५ ते ५९, बी प्लस ६० पासून. पुनर्मूल्यांकनाला टाकावं का?

निकालवाली_ताई

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती विषयाच्या बाईंना दाखवा. एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का, बेरीज बरोबर आहे का, हे बघा. तसं काही दिसलं तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत थोडी असते, कॉलेजच्या सूचनाफलकावरचं परिपत्रक आजच वाचा, त्यात मार्क कमी झाले तर काय तेही लिहिलेलं असतं.

एक मार्क वाढला तर १८० चे १८४ होतात, एसजीपीए ८.३६, सीजीपीए ७.९७. मेजरच्या मोठ्या पेपरात तिला ७१ असतील तर तिथे अर्ज करून काही हाती लागत नाही. दोन-तीन मार्क वाढले तरी ग्रेड तोच. तेव्हा विषय निवडताना सीमेपासूनचं अंतर आणि क्रेडिट, दोन्ही बघा.

२ क्रेडिटचे पेपर आमच्याकडे ५० मार्कांचे असतात. तिथे एक मार्क म्हणजे दोन टक्के. ३९ ला ७८ टक्के, ए. ४० ला ८०, ए प्लस. मुलांनी इंटर्नलचं एखादं असाइनमेंट "एकाच मार्काचं तर आहे" म्हणून सोडू नये, ते याचसाठी.

ओझर_मेकॅनिकल

सगळ्यांसाठी सोय सांगतो. एक्सेलमध्ये एका उभ्या रांगेत क्रेडिट, शेजारच्या उभ्या रांगेत पॉइंट लिहा. सम-प्रॉडक्ट हे फंक्शन दोन्ही रांगांचा गुणाकार करून बेरीज देतं, त्याला क्रेडिटच्या बेरजेने भागा. सगळी सेमिस्टर एकाखाली एक लिहीत गेलात की तोच सीजीपीए. एसजीपीए आधी दोन दशांशांत तोडून मग सीजीपीए काढू नका, मूळ पॉइंट वापरा.

अंबड_शिफ्ट

मी अंबडला कंपनीत आहे, पहिलं वर्ष करून कॉलेज सोडावं लागलं होतं. आता मुक्त विद्यापीठातून पुढे शिकायचं मनात आहे. माझे जुने क्रेडिट वाया गेले का? पॉइंट पुन्हा शून्यापासून?

निकालवाली_ताई

भाऊ, आधी तुमचं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेले क्रेडिट जमा राहतात ते ऑनलाइन) खातं उघडलेलं आहे का ते डिजिलॉकरवर बघा. यूजीसीने २०२१ मध्ये ही सोय केली. त्यात जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. तुमच्या कॉलेजने ते चढवलेत का, हे विचारायला जुनं ग्रेडकार्ड आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घेऊन जा. ज्या वर्षी शिकलात तो पॅटर्न क्रेडिटचा होता की जुना मार्कांचा, यावरही बरंच अवलंबून आहे.

मग गोवर्धनला मुक्त विद्यापीठातच जा. नाशिकमध्ये राहून हा एक फायदा आपल्याला आहे, प्रश्न फोनवर अडकून राहत नाही. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: जुने क्रेडिट पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये धरणार का, आणि त्या विषयांचे ग्रेड पॉइंट नव्या सीजीपीएत मोजणार का. दोन्हींची उत्तरं एकच असतील असं समजू नका, आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या. शिफ्टमुळे दिवसा जमत नसेल तर कागद काय काय लागतील ते इथे विचारा, मी यादी करून देते.